मागच्या गोळ्याचं तेल

व्हॅन भंगारात द्यायची असं माझ्या मुलाने ठरवलं, नवऱ्याने मान डोलावली आणि मला कुणी विचारलंही नाही. हे सगळं माझ्याच स्वयंपाकघरात, मी चिंबोऱ्या साफ करत बसले असताना. एका चिंबोरीचा नांगा हातात घेऊन मी दोघांकडे बघत होते. मुलाच्या नशिबाने तो नांगा मेलेल्या चिंबोरीचा होता.

मुलगा म्हणजे हितेंद्र. डोंबिवलीला राहतो, ऑफिसात जातो आणि रविवारी बायकोपोरांना घेऊन वरळी कोळीवाड्यात आमच्याकडे जेवायला येतो. वाईट नाही तो. काळजीनेच बोलत होता.

"आई, तिचा आवाज ऐकलास ना? मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा गेलाय तिचा. चालता चालता जाम झाला ना, तर मागची चाकं जागच्या जागी थांबतील. पाठून डंपर असला तर? तू आणि अक्षदा आत. मंगळवारी सकाळी दहाला भंगारवाला येतोय. विषय संपला."

"तिचं वय झालं," नवरा म्हणाला.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण इथे सारखं 'हे' 'हे' करत बसले तर वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. म्हणून दौलतच म्हणते. दौलतने जन्मभर होडी चालवली. गुडघे गेले तेव्हा होडी विकली. तेव्हापासून तो ओट्यावर खुर्ची टाकून बसतो आणि कशाचंही वय झालं असं म्हणतो. पंख्याचं, मिक्सरचं, माझं.

व्हॅन काय होती माझ्यासाठी ते सांगते. नायगावच्या बाजारात माझी बसायची जागा आहे. पहाटे धक्क्यावर जाऊन माल घ्यायचा आणि तिथे नेऊन विकायचा, हा माझा धंदा. व्हॅन नसली की आम्हा बायकांना एकच सामायिक टेम्पो. तो त्याच्या वेळेला निघतो. चांगल्या होड्यांचा माल कधी कधी उशिरा लागतो, तोवर टेम्पोचा हॉर्न सुरू. मग काय, समोर असेल ते, सांगतील त्या भावाने पाटीत टाका आणि पळा. माल विकणाऱ्यांना नेमकं माहीत असतं कोणाला टेम्पो धरायचाय. व्हॅन असताना मी थांबायचे. कल्ला उघडून बघायचे, नाही पटलं तर दुसऱ्याकडे जायचे. तो आवाज सुरू झाल्यापासून, गेले तीन आठवडे व्हॅन घरी आणि मी टेम्पोत. नायगावच्या माझ्या गिऱ्हाइकांनी मला विचारायला सुरुवात केली होती, "मालनताई, हल्ली माल असा का गं?" त्या प्रश्नाला मी जन्मात कधी उत्तर दिलेलं नव्हतं, कारण तो कधी कुणी विचारलाच नव्हता.

हितेंद्र गेल्यावर मी शामरावांना फोन लावला. शामरावांचं नायगावला गॅरेज आहे, व्हॅन पहिल्यापासून त्यांच्याकडेच जाते. पण ते जत्रेला गावी, सावंतवाडीकडे. आठवड्याने येणार. मी फोन व्हॅनच्या मागच्या चाकाशी धरला आणि अक्षदाने, म्हणजे माझ्या मुलीने, व्हॅन गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली.

"वयनी, ह्यो तेलाचो आवाज," शामराव म्हणाले. "मागच्या गोळ्यातला गिअर ऑइल कमी झाला हा, नायतर पाणी शिरला हा. गिअरचे दात अजून शाबूत असतीत. तेल बदला. मी येवपर्यंत थांबा."

"थांबता येत नाय. परवा भंगारवाला येतोय."

तिकडे जत्रेचा ढोल वाजत होता. त्याच्यावर आवाज चढवून शामराव म्हणाले, "मग तुमीच बदला. अवघड नाय. दोन बोल्ट. एक खाली, तेल सोडूक. एक बाजूक, भरूक. पण माजा एक ऐका. आधी बाजूचो, म्हणजे वरचो, उघडा. वरचो उघडलो नाय, तर खालच्याक हात लावू नका. नायतर जुना तेल जाईत खाली आणि नवा भरूक वाट नाय. मग गाडी जाग्यारच."

सोमवारी मासे कमी खपतात, त्यामुळे मी घरी. अक्षदा सकाळीच लालबागला जाऊन गिअर ऑइलचे डबे, तेल पुसायला चिंध्यांचं गाठोडं आणि एक मोठा पाना घेऊन आली. ती माझी धाकटी. लग्न नको म्हणते, धंदा हवा म्हणते. व्हॅन चालवायला दौलतकडूनच शिकली. भंगाराची गोष्ट ऐकल्यापासून माझ्याशीच फुगून होती, जणू मीच दिली होती विकायला.

पहिल्यांदा व्हॅन सी फेसपर्यंत फिरवून आणली, कारण तेल गरम झालं की पातळ होऊन नीट उतरतं असं शामराव म्हणाले होते. मग होड्या किनाऱ्यावर ओढल्यावर त्यांच्या खाली लावतात ते जाड लाकडी ठोकळे आणले आणि चारही चाकं त्यांच्यावर चढवली. पुढची मागची सारखीच उंच, कारण गाडी तिरकी राहिली तर तेलाची पातळी चुकते. चाकांना दगड लावले. मी साडीचा काष्टा घट्ट केला, प्लास्टिकच्या ताडपत्रीचा तुकडा अंथरला आणि खाली सरकले. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडीखाली शिरणारी बाई कोळीवाड्याने बघितली नव्हती. गल्लीत लगेच जत्रा जमली. मी आतूनच ओरडले, "इथे मासे नाय मिळणार, घरी जा!"

खालचा बोल्ट लगेच दिसला. दुसरा दिसेना.

दिसणार कसा? तो लोखंडी गोळा आणि त्याच्या दोन बाजूंच्या नळ्या, सगळं गुळगुळीत निळं होतं. आमची व्हॅन खालून निळी आहे हे कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी होडी रंगवायची, तसं दौलत व्हॅनचं पोटही रंगवायचा. माशांच्या बर्फाचं खारं पाणी फळीतून खाली गळतं, त्याने इतरांच्या गाड्या दोन वर्षांत गंजून जातात. आमची सतरा वर्षांत गंजली नाही. होडी विकल्यावर तर सगळाच रंग व्हॅनला. एक हात द्यायचा तिथे तीन हात. मला त्याचा अभिमानच होता, आताही थोडा आहे.

"अहो, बाजूचा बोल्ट कुठे हाय?" मी खालून विचारलं.

"असेल की तिथेच," ओट्यावरून उत्तर आलं.

"तिथे म्हणजे कुठे?"

"मला काय माहीत? मी रंगवला, मोजला नाय."

मी अक्षदाला आतून कोयता आणायला सांगितला. ज्याने मी खवले काढते तो.

दौलत खुर्चीतून अर्धा उठला. "रंगाला हात लावू नकोस, मालन! सांगून ठेवतो! एक ओरखडा गेला तर तिथून गंज आत शिरेल."

"उद्या भंगारात देताय ना? मग भंगारवाल्याला गंजाचं काय?"

तो बसला. मी खरवडायला लागले. रंग तरी किती! वरचा निळा, त्याच्या खाली जुना निळा, त्याखाली एका वर्षी स्वस्तात मिळाला म्हणून आणलेला हिरवा, त्याखाली तांबडा. घोळीचे खवले निघावेत तसे कपचे तोंडावर पडत होते. डोळ्यात गेले, तोंडात गेले. शेवटी कोयत्याचं टोक एका कडेला अडलं. कडेच्या शेजारी कड. सहा बाजूंचा बोल्ट त्या रंगाच्या आत झोपला होता, अगदी मजेत.

"मिळाला!" मी ओरडले. पण मिळणं वेगळं आणि उघडणं वेगळं. पाना लावला, जोर केला, पाना सटकला आणि माझी बोटं नळीवर आपटली. मी जे बोलले ते लिहीत नाही. अक्षदाने प्रयत्न केला, तिचंही तेच. फटीत घासलेट सोडलं. चहा घेतला. परत लावला. नाही.

"सोड गं आई," अक्षदा म्हणाली. तिने पाना खाली टाकला. "खालचा तरी उघडून बघूया, किती तेल आहे ते तरी कळेल."

"नाय," मी म्हणाले. "वरचा उघडल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाय."

"मग काय करायचं?"

"वरचा उघडायचा."

खरं सांगते, तेव्हा मला तो बोल्ट उघडेल असं वाटत नव्हतं. पण तिथून बाहेर सरकायचं म्हणजे उद्याच्या टेम्पोत जाऊन बसायचं, आणि मग परवाच्या, आणि मग मरेपर्यंतच्या. मला त्या बोल्टचाच इतका राग आला की तो माझ्या धंद्याच्या मधे पाय पसरून बसलेला माणूसच वाटायला लागला.

दौलतने कोपऱ्यातून एक लोखंडी पाइप काढला आणि काठी टेकत, गुडघे धरत, व्हॅनपाशी आला. पाइप खाली ढकलला. "पान्याच्या दांड्यावर चढव. हाताने नको. पाठ जमिनीला लाव, पायाने ढकल. नांगर अडकला की आम्ही तेच करायचो."

मी पाइप चढवला. पाठ टेकली. पाय पाइपाला लावला आणि ढकलला. काहीच नाही. पुन्हा. माझ्या मांडीत गोळा आला, तरी ढकलत राहिले. आणि मग कट्ट असा आवाज झाला, बोल्ट सरकला आणि त्याच्या बाजूने हवा बाहेर आली. फुस्स. कुकरची शिट्टी काढल्यासारखी.

अक्षदा मागे सरकली. "आई, हे काय?"

मी फोन लावला. शामराव जेवायला बसले होते, घास तोंडात ठेवून ऐकत होते. 'फुस्स' म्हटल्यावर घास गिळला.

"वयनी, तिचो श्वास कोंडलेलो हा. वरती नळीर एक टोपण हा, बोटाच्या पेराएवढा. त्यातना वारो ये-जा करता. ता बघा. हातान फिराक होया."

मी हात वर घालून चाचपलं. तिथे एक उंचवटा होता. निळा, गुळगुळीत. फिरायचा प्रश्नच नव्हता, वरखाली सगळं बुजलेलं होतं.

"फिरत नाय. रंगाने बसलाय."

"मग झाला तर! गाडी चालली की आतलो वारो तापता. भायर येवक वाट नाय, मग जोर करून तेलाक घेवन रबराच्या सीलातून भायर पडता. थंड झाली की उलटा, भायरचा पाणी आत ओढता. तेल गेला ता असा गेला. कोणी रंगवलान ओ?"

फोन स्पीकरवर होता. दौलत व्हॅनला हात लावून उभा होता, मला खालून फक्त त्याचे पाय दिसत होते.

"होडीला सुईच्या टोकाएवढी जागा उघडी ठेवायची नसते," तो म्हणाला. शामरावांना नाही, कुणालाच नाही. "बापाने शिकवलं होतं मला. एक भोक राहिलं की होडी गेली."

"ही होडी नाय," मी म्हणाले.

बोलून गेले आणि लगेच वाटलं, जरा हळू बोलायला हवं होतं. एरवी दौलतला टोमणा मारायची संधी मी सोडत नाही. आता चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी संधी होती आणि मी ती सोडली. या माणसाने होडीवरची सगळी माया त्या गाडीच्या पोटाला फासली होती. मला त्याचं फार वाईट वाटलं. म्हणून मी टोपण खरवडायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

टोपण मोकळं झालं. बोटाने फिरवलं, फिरलं. मग खालचा बोल्ट उघडला. तो शहाण्यासारखा उघडला. खाली ठेवलेल्या टोपात जे पडलं त्याला तेल म्हणायचं तर दुधाच्या चहालाही तेल म्हणावं लागेल. राखाडी, घट्ट आणि थोडकंच. आणि वास! माझं आयुष्य सुकटीत गेलं, बोंबील माझ्या दारात वाळतात, पण त्या वासाने मला ओकारी आली. गल्लीतली जत्रा एका मिनिटात पांगली. एरवी आमच्या सुकटीला नाक मुरडणाऱ्यांना तो टोप नेऊन दाखवावा असं मला वाटलं.

अक्षदाने बोटावर घेऊन उन्हात बघितलं. बारीक चमक होती, मोठे तुकडे नव्हते. शामराव म्हणाले, मोठे तुकडे नसले तर आशा आहे. जरासं नवीन तेल घालून आतलं धुऊन पुन्हा सोडलं, खालचा बोल्ट पुसून घट्ट बसवला.

आता भरायचं. बाजूचं भोक आडवं, डबा तिथे पोचत नाही, पोचला तर उलटा होत नाही. अक्षदा म्हणाली पिचकारी आणूया. दौलत आत गेला आणि होडीत डिझेल भरायची जुनी नळी आणि नरसाळं घेऊन आला. नळीचं टोक माझ्याकडे दिलं आणि स्वतः नरसाळं खांद्याच्या वर धरून उभा राहिला. गुडघे गेलेला माणूस. काठी बाजूला ठेवून.

"अक्षदाला धरू द्या," मी म्हणाले.

"ती ओतेल. मी धरतो."

गिअर ऑइल मधासारखं. नळीतून उतरायला इतका वेळ घेतं की माणसाचा अंत बघतं. मी खाली भोकाशी नळी धरून, दौलत वर नरसाळं धरून. तो एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होता, मला खालून दिसत होतं. मी एकदा म्हणाले, बसा जरा. त्याने ऐकलं नाही. शेवटी भोकाच्या कडेने तेल बाहेर यायला लागलं, म्हणजे पोट भरलं. मी बोल्ट बसवला, पायानेच आवळला, आणि बाहेर सरकले. दौलतने तेव्हाच हात खाली घेतले.

संध्याकाळी हितेंद्र ऑफिसातून थेट आला. अक्षदाने त्याला फोन करून बोलावलं होतं. तो स्वतः चालवायला बसला, मी शेजारी, अक्षदा आणि दौलत मागे फळीवर. सी फेसला जाऊन आम्ही परत वळलो. आधी मागून कुत्रं विव्हळावं तसा आवाज यायचा, तो नव्हता. पण अगदीच काही नाही असंही नव्हतं. वेग वाढला की एक बारीक गुणगुण यायची.

हितेंद्रने गाडी बाजूला घेतली. "कमी झालाय. पण गेला नाय, आई."

"शामराव म्हणाले, दात थोडे झिजलेत, तेवढा राहणार," अक्षदा म्हणाली. "गावाहून आल्यावर सील बदलून देतील. दर आठवड्याला तेल बघायचं."

"आणि उद्या जाम झाली तर?"

मी तोंड उघडलं होतं, पण दौलत आधी बोलला.

"हितू, तिचं वय झालं नव्हतं. मी तिचं नाक बुजवलं होतं. मी म्हणालो वय झालं, आणि तू ऐकलंस." तो फळीवर हात ठेवून बसला होता, बरोबर गोळ्याच्या वर. "मी जाईन रोज धक्क्यावर. इथे बसेन. इंजिन मला कानाने कळतं, हा आवाज पण कळेल. बदलला की मी थांबवीन. भंगारवाल्याला फोन कर."

"पप्पा, तुमचे गुडघे..."

"फळीवर बसायला गुडघे लागत नाय."

हितेंद्रने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "फोन कर." त्याने केला. मनातून नव्हता करत, पण केला.

पहाटे आम्ही तिघं धक्क्यावर पोचलो. दौलत रस्ताभर मागे आवाजाला कान लावून बसला होता. व्हॅन थांबल्यावर त्याने फळीवर थाप मारली आणि एवढंच म्हणाला, "जा."

महादेवकडे सुरमई आली होती. महादेव मासे विकतो, वीस वर्षं ओळखीचा, आणि वीस वर्षं चोर. मी कल्ला उघडून बघितला. ताजी नव्हती. त्याने भाव सांगितला, मी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. बायका पाट्या डोक्यावर घेऊन पळायला लागल्या.

"मालनताई, टेम्पो निघाला गो," महादेव म्हणाला. चेहऱ्यावर ते ठरलेलं हसू. "टाकू पाटीत?"

"जाऊ दे."

"अगो, जाईल ना खरंच!"

टेम्पो गेला. महादेवने टेम्पोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे. तिथे अंधारात व्हॅन उभी होती, मागचं दार उघडं, आणि फळीवर दौलत पाय लोंबकळत सोडून बसला होता.

मी पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसले.

"तुझी दुसरी होडी कधी लागतेय?" मी महादेवला विचारलं. "मी आहे इथेच."